ब्रेस्ट रिडक्शननंतर एकच बाजू पुन्हा पुन्हा सुजते, तेव्हा नेमकं काय तपासायचं

स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनला बाविसावा दिवस होता. सकाळी आरशात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसल्या होत्या. संध्याकाळी सपोर्ट ब्रा काढली तर उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट मोठी, काखेकडे गच्च, आणि खालच्या घडीत पट्ट्याचा खोल वळ. रात्री उशांना टेकून झोपले, सकाळी उठले तर सूज उतरलेली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. असं पाच-सहा आठवडे चाललं, आणि दर संध्याकाळी मला वाटायचं की आता काहीतरी बिघडलंच. उजवीकडे बिघडलेलं काही नव्हतं. पण त्याच दिवसांत डावीकडे, जिला मी ‘चांगली बाजू’ म्हणत होते तिथे, खालच्या टाक्यांचा एक कोपरा हळूहळू उकलत होता. मी आकार बघत बसले आणि जखम बघायची राहिली.

म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हे माझ्या स्वतःच्या वर्षभरातून आणि माझ्या सर्जनला विचारलेल्या शेकडो प्रश्नांतून गोळा झालेलं आहे, आणि ते तुमच्या सर्जनच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण रात्री अकरा वाजता आरशासमोर उभं राहून ‘हे नॉर्मल आहे का?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा कुठून सुरुवात करायची हे तरी कळावं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. डाव्या बाजूची उजव्या बाजूशी तुलना करणं थांबवा. प्रत्येक बाजूची तुलना तिच्या स्वतःशीच करा: कालची आजशी, मागच्या आठवड्याची या आठवड्याशी. दोन बाजूंमधला फरक पहिले कित्येक महिने फारसं काही सांगत नाही. एकाच बाजूची चाल मात्र खूप काही सांगते.

आधी हे चार प्रकार वगळा

पुढचं काहीही वाचण्याआधी एवढं पाहा. यातलं काही दिसत असेल तर वाचत बसू नका, सर्जनला किंवा हॉस्पिटलच्या तातडीच्या नंबरवर फोन करा, वेळ कोणतीही असो.

पहिला प्रकार म्हणजे काही तासांत एक बाजू एकदम फुगणं. कातडी ताणून चकचकीत होते, हात लावला तर दगडासारखी लागते, दुखणं औषधाला दाद देत नाही आणि जांभळा रंग पसरत जातो. हे आत रक्त साकळल्याचं लक्षण असू शकतं. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ ते ४८ तासांत होतं, पण क्वचित आठवड्या-दोन आठवड्यांनीही होतं, विशेषतः काही जड उचललं किंवा जोर लावला तर. साकळलेलं रक्त बऱ्याचदा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन काढावं लागतं. ते वेळेत काढलं तर अंतिम आकारावर सहसा परिणाम होत नाही. सकाळपर्यंत थांबून बघू, असं इथे चालत नाही.

दुसरा प्रकार स्तनाग्राच्या रंगाचा. स्तनाग्र आणि भोवतीचं वर्तुळ निळसर-काळं पडत असेल किंवा अगदी पांढरंफटक दिसत असेल, तर तिथला रक्तपुरवठा अडचणीत आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे दिवसातून दोनदा तरी बघा. थोडं निळं-हिरवं पडणं वेगळं, तो मुका मार लागल्यासारखा रंग असतो आणि तो आसपासच्या कातडीवरही दिसतो. फरक कळत नसेल तर फोटो काढून सर्जनला पाठवा.

तिसरा प्रकार जंतुसंसर्गाचा: ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणं, पसरत जाणारी लाली, गरम लागणारी कातडी, पू किंवा घाण वास. लालीची कड बॉलपेनने आखून ठेवा आणि वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, तर डॉक्टरला सांगायला तुमच्याकडे ठोस गोष्ट असते.

चौथा प्रकार स्तनात दिसतच नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं. शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्याची ही लक्षणं असू शकतात. यासाठी सर्जनच्या फोनचीही वाट पाहायची नाही, सरळ तातडीच्या विभागात जायचं.

दोन बाजू एका वेगाने का भरत नाहीत

ऑपरेशन एक असलं तरी शरीरात ती दोन ऑपरेशनं असतात. बहुतेक स्त्रियांचे स्तन मुळातच थोडे लहान-मोठे असतात, त्यामुळे सर्जन एका बाजूने जास्त ऊती काढतात आणि दुसऱ्या बाजूने कमी. जिथून जास्त काढलं तिथे आतली जखम मोठी, आणि जखम मोठी तर सूजही मोठी. माझ्या डिस्चार्ज कार्डावर दोन्ही बाजूंनी किती ग्रॅम काढलं ते वेगवेगळं लिहिलेलं होतं. मी ते महिन्यानंतर पाहिलं. तुमच्या कागदात तो आकडा असेल तर आजच पाहा, निम्मी भीती तिथेच ओसरते.

दुसरं कारण हाताचं. उजव्या हाताने काम करणारीची उजवी बाजू दिवसभर जास्त हलते. भांडं उचलणं, दार ओढणं, केस विंचरणं, प्रत्येक वेळी छातीचा स्नायू आकसतो आणि त्याच्यावर ताजी जखम असते. तिसरं कारण झोपेचं: उताणं झोपलो तरी झोपेत आपण आपल्या सवयीच्या कुशीकडे कलतो.

आणि सगळ्यात कमी सांगितलं जाणारं कारण लसिकेचं. स्तनातला लसिकाद्रव (लिम्फ, म्हणजे ऊतींमधलं जादा पाणी) बहुतांश काखेतल्या लसिकागाठींकडे (लिम्फ नोड) वाहत जातो. ऑपरेशनमध्ये या बारीक वाहिन्या कापल्या जातात आणि त्यांना नवे मार्ग तयार करायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर द्रव साठतो, आणि उभं असताना गुरुत्वाकर्षणाने खाली आणि बाजूला उतरतो. काखेकडची आणि खालच्या घडीजवळची सूज सगळ्यांत शेवटी जाते ती यामुळेच.

सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. बरीचशी चार ते सहा आठवड्यांत उतरते. उरलेली तीन ते सहा महिने रेंगाळते, आणि आकार पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. या प्रवासात दोन बाजूंमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर पडणं मी स्वतः अनुभवलं. माझी उजवी बाजू अडीच महिन्यांनी जिथे पोहोचली, तिथे डावी दीड महिन्यातच पोहोचली होती.

फोटो आणि वही

आरसा भरवशाचा नाही आणि मन त्याहून नाही. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी उठल्यावर, एकाच खिडकीपाशी, हात कमरेवर ठेवून तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. रोज काढू नका. रोजच्या फोटोंत बदल दिसत नाही, फक्त घोर वाढतो. वहीत दोन-तीन ओळी पुरेत: कोणती बाजू, कुठे, मऊ की टणक, दुखतंय का, दिवसभरात काय केलं. पाळीच्या तारखाही लिहा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीरात पाणी धरलं जातं आणि उतरत आलेली सूज परत चढते. मला हे तिसऱ्या पाळीला कळलं, आणि तेही वहीमुळेच.

तक्रार: सकाळी उतरते, संध्याकाळी चढते

सगळ्यांत जास्त दिसणारी आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी तक्रार ही. सूज झोपून उठल्यावर कमी होत असेल, दाबल्यावर थोडी मऊ लागत असेल, ताप-लाली नसेल, आणि आठवड्यागणिक संध्याकाळची चढण थोडी थोडी कमी होत असेल, तर हा लसिकाद्रवाचा खेळ आहे. शेवटची अट महत्त्वाची. आज संध्याकाळची सूज मागच्या आठवड्यातल्या याच वारच्या संध्याकाळशी ताडून पाहा.

पहिला संशय ब्रावर घ्या. माझ्या बाबतीत निम्मा दोष तिचाच निघाला. ऑपरेशननंतर जी ब्रा बरोबर बसत होती ती तिसऱ्या आठवड्यात बसेनाशी झाली होती, कारण सूज उतरल्याने कप सैल झाले आणि पट्टा वर सरकून खालच्या घडीत गुंडाळला जाऊ लागला. गुंडाळलेला पट्टा म्हणजे आवळलेली दोरी. त्याच्यावरच्या भागातलं पाणी खाली उतरू शकत नाही आणि तिथेच तुंबतं. माझ्या उजव्या बाजूला तो पट्टा जास्त गुंडाळला जायचा, कारण उजवा हात जास्त हलायचा. कोडं उलगडायला मला पाच आठवडे लागले.

तपासायची रीत सोपी आहे. संध्याकाळी ब्रा काढल्याबरोबर वळ कुठे आहेत ते पाहा. पट्ट्याचा वळ घडीच्या खाली, बरगड्यांवर आणि दोन्हीकडे सारखा हवा. तो टाक्यांच्या रेषेवर असेल, किंवा एका बाजूला खोल आणि दुसरीकडे फिका असेल, तर ब्रा बदला. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात जायला हवीत. समोरून उघडणारी, तार नसलेली, रुंद पट्ट्याची, आतली शिवण टाक्यांवर न येणारी अशी ब्रा बघा. ती साधारण चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालायला सांगतात. तार असलेली ब्रा तीन महिन्यांपर्यंत तरी बहुतेक सर्जन नको म्हणतात. जास्त घट्ट म्हणजे जास्त आधार, हा समज सोडा. फार आवळलं तर कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि ताज्या जखमेला नेमका तोच हवा असतो.

ब्रा ठीक असेल तर हालचालीकडे वळा. दोन-तीन किलोपेक्षा जड काही चार ते सहा आठवडे उचलायचं नाही, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. आपण पिशव्या उचलत नाही, पण जड दार ढकलतो, खुर्चीतून उठताना हातावर जोर देतो, गच्च झाकण पिळून उघडतो. हे सगळं छातीच्या स्नायूने होतं. याउलट हात अजिबात न हलवणंही बरं नाही, त्याने खांदा आखडतो आणि लसिकाद्रवही तुंबतो. सर्जनने परवानगी दिली की खांदे हळूहळू फिरवा, चालत राहा.

झोपताना पहिले दोन-तीन आठवडे पाठ ३० ते ४५ अंश उंच ठेवा. दोन्ही हातांखाली एकेक उशी दिली की कुशीवर वळणं आपोआप थांबतं.

शेक आणि बर्फ या दोन्हींपासून जपा. ऑपरेशननंतर स्तनाची कातडी बधिर असते, तिला चटका बसतोय की ती गोठतेय हे कळत नाही. गरम पिशवीने भाजून फोड आल्याचं मी जवळून पाहिलं आहे. बर्फ लावायचा तर सर्जनला विचारून, कापडात गुंडाळून, थोडाच वेळ, आणि स्तनाग्रावर नाही. सूज उतरवायच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. काही वेदनाशामकं रक्त पातळ ठेवतात, ती पहिल्या दिवसांत चालतील की नाही हे सर्जनच ठरवतील.

तक्रार: सकाळीही उतरत नाही, आत पाणी हलल्यासारखं वाटतं

एका बाजूला मऊ फुगवटा, कूस बदलली की आत डुचमळतंय अशी जाणीव, फार दुखत नाही पण दिवसेंदिवस तेवढंच किंवा वाढतं. हे पोकळीत साठलेलं पाणी असू शकतं, डॉक्टर त्याला सेरोमा म्हणतात. ड्रेन, म्हणजे आतला द्रव बाहेर काढायला घातलेली नळी, काढल्यानंतरच्या दिवसांत ते जास्त दिसतं. ड्रेन काढायचा नेहमीचा निकष म्हणजे २४ तासांत साधारण ३० मिलीलीटरपेक्षा कमी द्रव येणं. मात्र ड्रेन घातला म्हणून पाणी साठणारच नाही असं नाही, आणि पुष्कळ सर्जन आता ड्रेन घालतच नाहीत.

छोटा साठा शरीर स्वतःच शोषून घेतं. मोठा असेल तर सर्जन सुईने ओढून काढतात. कधी कधी तो परत भरतो आणि पुन्हा काढावा लागतो. दुसऱ्यांदा भरला म्हणून घाबरू नका, हे ठाऊक असलेलं आहे. घरी दाबून, चोळून, घट्ट पट्टी बांधून तो जिरवायचा प्रयत्न मात्र करू नका. साठलेल्या पाण्यात जंतू शिरले तर सोपी गोष्ट अवघड होते. खात्री नसेल तर सोनोग्राफी मागा, तिच्यात पाणी, रक्त आणि घट्ट ऊती वेगळ्या दिसतात.

तक्रार: एका जागी कडक गाठ

सूज ओसरू लागली की आत लपलेलं हाताला लागू लागतं, म्हणून गाठी अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सापडतात. बऱ्याचदा ती चरबी असते. रक्तपुरवठा न मिळालेला चरबीचा तुकडा मरतो, कडक होतो, कधी त्यातून तेलासारखा द्रव बनतो. ती कित्येक महिन्यांत, कधी वर्षभरात मऊ होत जाते. पण गाठ ही गाठ आहे. ‘ऑपरेशनमुळे असेल’ असं स्वतःच ठरवून सोडून देऊ नका. सर्जनच्या हाताखालून जाऊ द्या, सोनोग्राफी करा, गरज वाटली तर ते सुईने नमुना घेतील. काढलेल्या ऊती पॅथॉलॉजीला पाठवलेल्या असतात, तो अहवालही मागून वाचा. पुष्कळजणी तो कधी पाहतच नाहीत.

दोरीसारखी ताठ रेघ हा वेगळाच प्रकार. स्तनाखालून पोटाकडे किंवा काखेकडे कातडीखाली तार ओढल्यासारखी दिसते, हात वर केला की ताणते आणि दुखते. ही वरवरची शीर सुजून तिच्यात रक्त गोठल्याने होते. १९३९ साली फ्रेंच सर्जन आंरी माँदोर यांनी तिचं वर्णन केलं म्हणून तिला माँदोरचा आजार म्हणतात. नाव ऐकून धडकी भरते, पण ती सहसा चार ते आठ आठवड्यांत आपोआप विरते. एकदा दाखवून घ्या.

तक्रार: एका बाजूची जखम भरली, दुसरीची उकलली

माझं खरं दुखणं हे होतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

ऑपरेशनच्या सर्वांत प्रचलित पद्धतीत छेद जहाजाच्या नांगराच्या आकाराचा असतो: वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली, आणि खालच्या घडीत आडवा. उभी आणि आडवी रेघ जिथे भेटते तिथे कातडीची तीन टोकं एका बिंदूवर शिवलेली असतात. त्या बिंदूवर ताण सर्वांत जास्त, कारण वरच्या स्तनाचं सगळं वजन तिथे येतं. आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी, कारण तीनही टोकं आपापल्या मुळापासून लांब असतात. शिवाय जागा घडीत आहे, म्हणजे घाम आणि ओल. त्यामुळे या ऑपरेशननंतर जखम कुठे उकलली तर बहुधा इथेच उकलते, साधारण पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात. आणि ती दोन्हीकडे सारखी उकलत नाही. जिथे जास्त ऊती काढल्या, जिथे सूज जास्त, तिथे ताणही जास्त, असं म्हणायचं. माझ्या बाबतीत मात्र ती कमी सुजलेल्या बाजूलाच उकलली. म्हणून सांगते, ‘चांगल्या’ बाजूची घडीसुद्धा रोज बघा. मान वाकवून दिसत नाही. हातातला छोटा आरसा खाली धरा, किंवा फोनने फोटो काढा.

सुरुवात खपलीखाली ओल येण्याने होते. पट्टीवर पिवळसर लस, मग तांदळाच्या दाण्याएवढी फट, मग पावट्याएवढा खड्डा. खड्ड्याच्या तळाशी पिवळा-पांढुरका थर दिसतो तो बहुतेक वेळा पू नसतो, जखमेवर जमणारा फायब्रिनचा थर असतो. वास नाही, लाली पसरत नाही, ताप नाही, तर घाबरण्यासारखं नाही. पण सर्जनला दाखवायचंच, कारण ड्रेसिंग कोणतं, किती वेळा, हे त्यांनीच ठरवायचं. सहसा ती पुन्हा शिवत नाहीत. सुजलेली, कमकुवत कातडी टाका धरत नाही. तळातून मांस भरत वर येऊ देतात आणि कडेची कातडी हळूहळू आत सरकते. माझा खड्डा साधारण पाच आठवड्यांत भरला. तळ पिवळ्याचा लाल, दाणेदार झाला तो दिवस मला आठवतो. लाल तळ म्हणजे जखम जिवंत आहे, भरतेय.

काय करायचं नाही, तेही सांगते, कारण मी त्यातलं एक केलं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. तो जंतूंसोबत नव्याने उगवणाऱ्या पेशीही मारतो. जखम उघडी टाकून ‘वाळवू’ नका, ओलसर राखलेली जखम लवकर भरते. घडी मात्र कोरडी ठेवा, म्हणजे जखमेच्या भोवतालची कातडी. आंघोळीनंतर ती टिपून घ्या, चोळू नका. आणि सिगारेट, तंबाखू, व्हेप, निकोटीनचं काहीही नको. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नेमक्या त्या तीन टोकांना रक्त पोहोचत नाही. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर नेहमीपेक्षा काटेकोर सांभाळा. पोटात पुरेसं प्रथिन जाऊ द्या, नवी ऊती त्यातूनच बनते.

एक आकडा मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांची जखम बाहेरून पूर्ण बंद दिसली तरी तिची ताकद न कापलेल्या कातडीच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच थांबते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात कपाटं आवरायला काढणाऱ्यांची जखम उकलते, यात नवल नाही.

टाक्याचं टोक

महिन्या-दोन महिन्यांनी रेषेवर पुळी येते, फुटते आणि आतून पांढरा किंवा जांभळा धागा डोकावतो. आतले विरघळणारे टाके पूर्ण जायला प्रकाराप्रमाणे तीन ते सहा महिने लागतात, आणि शरीर एखादा टाका आत जिरवण्याऐवजी बाहेर ढकलतं. धागा ओढू नका. सर्जनकडे तो दोन मिनिटांत कापला जातो आणि पुळी बसते.

तक्रार: आकारच वेगळा

वरचा भाग फुगीर, खालचा सपाट, स्तन चौकोनी आणि फार वर बसलेले. पहिल्या दोन महिन्यांत हे जवळजवळ सगळ्यांचं असतं. कातडी सैल पडते, सूज उतरते आणि वजन खाली येतं. दोन्ही बाजू एकाच दिवशी खाली बसत नाहीत. एक आधी गोल होते, दुसरी चौकोनीच राहते, आणि मधल्या काळात स्तनाग्रांची उंचीही वेगळी दिसते. हा फरक दर आठवड्याच्या फोटोंत कमी होतोय का, एवढंच पाहा. आडवा छेद नसलेल्या, उभ्या छेदाच्या पद्धतीत खाली कातडीच्या चुण्या पडलेल्या असतात, त्याही कित्येक महिन्यांत सपाट होतात.

आडव्या छेदाच्या काखेकडच्या टोकाला कातडीची छोटी घडी उंचावून राहते. त्यातली निम्मी सूजच असते. वर्षभराने उरली तर तेवढी जागा बधिर करून ती काढता येते. तीन महिन्यांत तिच्यासाठी हट्ट धरू नका.

एका बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी चमक, चुरचुर, खाज, आणि दुसरीकडे काहीच नाही, हेही घाबरण्यासारखं नाही. नसा दिवसाला साधारण एक मिलीमीटर या गतीने वाढतात. जिकडे झटके येतायत तिकडे जाणीव परत येऊ पाहतेय. काहींची स्तनाग्राची जाणीव कमीच राहते, आणि ते खरंच दुःखाचं असतं. ‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

व्रण एका बाजूला जास्त जाड, लाल राहू शकतो, विशेषतः जिथे जखम उकलली होती तिथे. जखम पूर्ण बंद झाल्यावरच सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करा. पट्टी दिवसातले बारा तास तरी, आणि निदान तीन महिने. पहिलं वर्ष व्रणाला उन्हापासून झाका. व्रण मूळ रेषेबाहेर पसरत चालला, खाजतो, दुखतो, तर तो केलॉइड असू शकतो. लवकर दाखवलं तर इंजेक्शनने तो आवरता येतो.

सर्जनकडे जाताना

‘एक बाजू मोठी वाटते’ असं सांगितलं की ‘वेळ द्या’ असं उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण तुमच्याकडे फोटो आणि वही असेल तर वाक्य बदलतं: ‘चौथ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत उजवीकडे काखेजवळचा हा भाग अजिबात कमी झालेला नाही, सकाळीही तेवढाच असतो.’ या वाक्यावर सोनोग्राफी होते. त्यावरही कुणी ऐकून घेत नसेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.

सुधारणेच्या दुसऱ्या ऑपरेशनचा विचार सहा महिन्यांच्या आधी नको, शक्यतो वर्ष जाऊ द्या. सूज असताना मोजलेला फरक हा सुजेचा फरक असतो, त्यावर कात्री चालवली तर नंतर उलट बाजूला फरक उरतो. आणि तुमच्या वयात मॅमोग्राफी सुचवली जात असेल, तर ऑपरेशननंतर किती महिन्यांनी नवी करायची ते विचारून ठेवा. आतली रचना बदललेली असते, व्रण आणि मेलेल्या चरबीचे ठिपके फिल्मवर दिसतात, त्यामुळे पुढच्या तपासण्यांना ताडून पाहायला नवा आधार लागतो. तपासणी करणाऱ्यांना ऑपरेशनची तारीख आणि पद्धत आठवणीने सांगा.

माझी उजवी बाजू आता, चौदाव्या महिन्यात, डावीपेक्षा किंचित मोठी आहे. जुने फोटो काढून पाहिले तर ऑपरेशनच्या आधीही तीच मोठी होती.